वापरातल्या तळ्याचा पक्षी

बेळगावच्या किल्ल्यात दगडाचे एक कमळ आहे. खडेबाजारातली गर्दी मागे टाकून बसस्थानकाच्या अंगाने चालत निघाले, तर अर्ध्या तासाच्या आत माणूस किल्ल्यातल्या कमल बस्तीत पोहोचतो. मंडपात उभे राहून मान वर केली की छताला उलटे टांगलेले हे कमळ दिसते. पाकळ्या बहात्तर : भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतले प्रत्येकी चोवीस तीर्थंकर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने हे जैन मंदिर १२०४ साली बांधले, तेव्हा गावाचे नाव वेणुग्राम होते. किल्ल्याबाहेर कोटेकेरे आहे. कन्नडमध्ये कोटे म्हणजे किल्ला आणि केरे म्हणजे तळे. (मात्रेच्या जागी वेलांटी आली की केरीची गल्ली होते. सीमाभागात राहणाऱ्याने एवढे कन्नड जाणावे.) छतावरचे कमळ ज्याने कोरले त्याने खरे कमळ जवळून न्याहाळले असणार, आणि या मुलखात कमळ न्याहाळणाऱ्याला त्याच्या पानावरून टांगा टाकत जाणारा एक पक्षी कधी ना कधी दिसतोच. दगडात तो कोणी कोरला नाही. त्याचा इतिहास मंदिरात नाही, तळ्याच्या बांधात शोधावा लागतो.

हा पक्षी म्हणजे कमळपक्षी. पाणथळीत चालून पोट भरणाऱ्या पक्ष्यांपैकी टिटवी आणि पाणलावा यांच्याच गणातला, पण चाल सगळ्यांहून वेगळी. बगळा चिखलात उभा राहतो, टिटवी काठाने धावते. कमळपक्षी पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून चालतो. त्याच्या पायाची बोटे आणि त्यांच्या टोकांची नखे अंगाच्या मानाने अवाढव्य लांब असतात. नराचे वजन साधारण सव्वाशे ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच कोंबडीच्या अंड्यांइतके. ते लांब बोटांवर विभागले जाते आणि पान किंचित दबते, बुडत नाही. एक पाय उचलून पुढच्या पानावर ठेवेपर्यंत मागचे पान हळूच वर येते, तेवढ्यात पानाच्या कडेखालचा एखादा किडा किंवा गोगलगाय टिपून झालेली असते. आपल्याकडे याच्या दोन जाती आहेत. एक तांबूस-काशाच्या रंगाच्या पंखांची, वर्षभर एकाच वेषात राहणारी. दुसरी लांब शेपटीची. ही उन्हाळ्याअखेर वेष बदलते : डोके-गळा पांढरा, मानेमागे पिवळे सोनेरी रेशीम, अंग चॉकलेटी आणि मागे कोयत्यासारखी वळलेली काळी शेपटी. पावसाळा सरला की शेपटी गळते आणि तोच पक्षी मातकट होऊन एखाद्या सामान्य पाणपक्ष्यासारखा दिसू लागतो. जगातल्या आठ कमळपक्ष्यांत विणीसाठी असा वेगळा पोशाख चढवणारी ही एकच जात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दख्खनच्या पठारावर, आणि म्हणून बेळगाव-निपाणीच्या टापूत, कमळपक्षी हा रानाचा पक्षी नाही. तो माणसाने खोदलेल्या, बांध घातलेल्या आणि सतत वापरात ठेवलेल्या तळ्याचा पक्षी आहे. चिमणीला जसे आपण घराशी जोडतो, तसा हा तळ्याच्या राखणीशी जोडलेला आहे. त्यामुळे त्याची नैसर्गिक हकिकत लिहायची तर बांध, सांडवा आणि गाळ यांची हकिकत लिहावी लागते. हे ऐकताना उलटे वाटते, कारण पक्षी म्हटला की तो निसर्गाचा आणि तळे म्हटले की ते माणसाचे, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते.

पहिला पुरावा भूगोलाचा. बंगालमध्ये नदी पात्र सोडते आणि मागे दलदलीची तळी ठेवते. काश्मीरमध्ये डोंगरांच्या कुशीत सरोवरे आहेत. मणिपुरात लोकटाक आहे. दख्खनला हे दान मिळालेले नाही. बेसॉल्टच्या थरांवर आणि जांभ्यावर वसलेल्या या पठारात नैसर्गिक सरोवर म्हणून बोट दाखवावे असे लोणार, तेही उल्कापाताने झालेले आणि खारट. बेळगावला पाऊस भरपूर पडतो. घाटमाथ्याकडे कणकुंबीला तर कोसळतोच. पण पाऊस पडणे वेगळे आणि पाणी थांबणे वेगळे. मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा या नद्या खोल कोरलेल्या पात्रांतून वाहतात. घटप्रभा गोकाकला वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे बावन्न मीटर खाली उडी घेते. जून-जुलैत तिच्या पात्रात कमळाचे पान टिकेल असे कोणी म्हणणार नाही. उन्हाळ्यात याच नद्यांचे डोह उरतात, पण त्यांच्या काठाला खडक असतो आणि पहिल्या पुरात जे काही तरंगत असेल ते सगळे खाली जाते. म्हणजे नदी आहे, पाणी आहे, पण उथळ, संथ आणि पानांनी झाकलेले पाणी नाही. तसे पाणी हवे असेल तर ओढ्याला आडवा मातीचा बांध घालावा लागतो. पठारावर शेकडो वर्षे तेच झाले.

दुसरा पुरावा पक्ष्याच्या पंचांगाचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. आपल्याकडे कमळपक्ष्याची वीण पावसाळ्यात होते, म्हणजे नद्या सर्वांत बेभान असतात नेमक्या त्या महिन्यांत. घरटे म्हणजे तरंगत्या पाल्याची ओलसर चवड. काही वेळा तेवढेही नाही, नुसते पान. त्यावर भोवऱ्याच्या आकाराची, तुकतुकीत, पितळी-तपकिरी रंगाची चार अंडी. ती उबवायला सुमारे सव्वीस दिवस लागतात. या सव्वीस दिवसांत पाणी फूट-दीड फूट चढले तरी चालते, कारण घरटे पाण्याबरोबर वर येते. गरज पडली तर नर अंडी चोच आणि छाती यांच्यामध्ये धरून दुसऱ्या पानावर नेतो. पण पाणी वाहू लागले तर सगळा संसार गेला. थोडक्यात, या पक्ष्याला भर पावसात संथ, सावकाश भरणारे आणि अचानक न ओसरणारे पाणी लागते. सांडवा असलेले तळे हेच करते : ठरलेल्या पातळीपर्यंत भरते आणि जादा पाणी एका बाजूने सोडून देते. सांडवा बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भातशेती होती, पक्षी नव्हता. तरी पातळी राखण्याचे जे गणित त्याने भातासाठी मांडले, तेच या घरट्याला लागू पडले.

घरट्याचा विषय निघाला आहे तर या पक्ष्याच्या घरातली उलटापालटही सांगायला हवी, कारण इतिहासात तिची नोंद झाली ती विचित्र वाटेने. कमळपक्ष्याची मादी नराहून बरीच मोठी. ती हद्द राखते, दुसऱ्या माद्यांशी भांडते, एका नराला अंडी देऊन दुसऱ्याकडे जाते. उबवणे, पिल्ले सांभाळणे, धोका आला की काशाच्या पंखांच्या जातीत पिल्लांना पंखाखाली दाबून उचलून नेणे, ही सारी नराची कामे. भातखाचरात राहणाऱ्या रंगीत पाणलाव्यातही हेच : मादी देखणी, नर मातकट आणि बिऱ्हाड नराच्या गळ्यात. येळ्ळूर, धामणे, वडगाव या बाजूच्या बासमती पिकवणाऱ्या खाचरांसारखी ओली जमीन ही त्याची आवडती जागा. १८७१ मध्ये डार्विनने माणसाच्या वंशावरचे पुस्तक लिहिले, त्यात नर-मादीच्या रंगांची नेहमीची रीत जिथे उलटी होते अशा पक्ष्यांत रंगीत पाणलावा आला. तिथेच लाव्यासारखा दिसणारा, पण वेगळ्या कुळातला टर्निक्सही आला. टर्निक्सच्या माद्या अंडी घालून निघून जातात आणि नर उबवतात, ही माहिती जर्डनने इथल्या लोकांकडून ऐकून लिहिली होती. थॉमस जर्डन हा मद्रास इलाख्यातला कंपनीचा शल्यवैद्य. त्याचा ‘भारताचे पक्षी’ हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याच्या शास्त्रीय नावातला शेवटचा शब्द ‘कायरर्गस’, त्याचाही अर्थ शल्यवैद्यच. पंखाच्या सांध्यावर असलेल्या धारदार काट्यामुळे ते १७८६ मध्ये पडले. योगायोग आहे, पण छान आहे. मुद्दा असा की युरोपला नवल वाटलेली गोष्ट इथल्या फासेवाल्यांना आणि शेतकऱ्यांना ठाऊक होती, कारण ते या पक्ष्यांच्या शेजारी राबत होते. दूरच्या रानातल्या पक्ष्याच्या संसाराची एवढी बातमी कोणाला नसते.

एकोणिसाव्या शतकात बेळगावच्या लष्करी छावणीतही पक्ष्यांची टिपणे जमत होती. कॅप्टन बटलर नावाचा अधिकारी १८७९-८० च्या सुमारास इथे होता. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातल्या पक्ष्यांची त्याची यादी १८८१ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली गेली. ते चालवणारा ॲलन ह्यूम बटलरसारख्या लोकांकडून घरट्यांची टिपणे मागवायचा. या ह्यूमने आपला ब्याऐंशी हजारांचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. माणसे अशीही असतात. या साहेबी नोंदींचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा लागतो. त्यांत अंड्याचे माप इंचाच्या अंशापर्यंत मिळते, पण ज्या तळ्यात अंडी सापडली ते कोणी बांधले, त्याचा गाळ कोण काढतो, पाणी कोणाच्या शेताला जाते, याबद्दल चकार शब्द नसतो. तळे ही त्यांना पार्श्वभूमी वाटली. तीच सवय पुढे आपल्या पक्षीलेखनातही आली.

नावांचेही तसेच झाले. इंग्रजीत या पक्ष्याला जकाना म्हणतात; तो शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांनी उचलला आणि युरोपभर नेला. हेच पोर्तुगीज बेळगावपासून घाटाखाली उतरले की गोव्यात साडेचारशे वर्षे होते, आणि करमळीच्या तळ्यावर हा पक्षी आजही पानांवरून फिरतो. पण शब्द आला तो अटलांटिकच्या पलीकडून फिरून. आपला ‘कमळपक्षी’ हा शब्द अर्थाला चोख असला तरी पुस्तकी आहे.

‘वापरातले तळे’ म्हणजे काय, ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचा युक्तिवाद कळणार नाही. कपिलेश्वराच्या तीर्थासारखे चिरेबंदी, पायऱ्यांचे कुंड निराळे. तिथे स्नान होते, गणपती विसर्जन होते, पण उतरता चिखलकाठ नसतो, म्हणून पानेही नसतात. शेतीचे तळे मातीच्या बांधाचे असते. बांधाजवळ पाणी सर्वांत खोल, आणि वरच्या अंगाला, जिथून ओढा आत येतो तिथे, पाणी इंचाइंचाने उथळ होत जमिनीत विरते. कमळ, कुमुदिनी, शिंगाडा ही झाडे मुळे गाळात रोवून पाने वर पाठवतात. त्यांना हाच मधला पट्टा मानवतो. आता ओढा दरवर्षी गाळ आणतो. तो काढला नाही तर काही वर्षांत तळे बशीसारखे होते. आधी पाणकणीस माजते, मग बेशरमाची झुडपे घुसतात आणि शेवटी तिथे कोणीतरी ज्वारी पेरते. गाळ काढला तर पट्टा पुन्हा मोकळा होतो. चैत्र-वैशाखात पाणी आटले की गाड्या आत उतरायच्या, सुपीक गाळ शेतात जायचा. त्याला कोणी पर्यावरण म्हणत नव्हते. ते खत होते. बांधावर झाड उगवले तर उपटायचे, कारण मुळांमुळे गळती होते. मोरीची फळी कधी उघडायची ते ठरलेले असायचे. या सगळ्या कामांनी तळ्याचे वय थांबवून धरले होते. निसर्गाच्या हाती सोडलेले तळे म्हातारे होऊन मरते, आणि त्याच्याबरोबर पानांवरचा पक्षीही जातो.

याची मोठी साक्ष बेळगावपासून दूर विदर्भात मिळते. भंडारा-गोंदियाच्या भागात कोहळी समाजाने ओढ्यांवर हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितले जाते. तिथे भात, मासे आणि शिंगाडा अशी तिहेरी शेती चालायची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेली. ते योग्यच झाले. पण तलावांची मालकी सरकारकडे आली आणि रोजची देखभाल कोणाकडेच राहिली नाही. गाळ साचला, सिंचन घटले आणि बेशरम पसरली. पाणी कुठे गेले नव्हते. फक्त राखणारा हात गेला होता. कोकणात मालवणजवळचा धामापूरचा तलाव याच्या उलट बाजूचा दाखला आहे. १५३० मध्ये, विजयनगरच्या काळात तो बांधला गेला, आजही त्यावर भात आणि बागायती पोसली जाते, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला वारसा-सिंचनस्थळ म्हणून मान दिला. पाच शतके तलाव जगला, कारण पाच शतके कोणाला तरी त्याचे पाणी हवे होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. माणूस तळी खोदू लागला त्याच्या कितीतरी आधीपासून कमळपक्षी पृथ्वीवर आहेत. इजिप्तच्या फायुम भागात सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत त्यांच्या पूर्वजांचे अवशेष मिळाले आहेत. हे खरे आहे आणि माझ्या म्हणण्याला त्याने बाधा येत नाही. पक्षी माणसाने घडवला असे मी म्हणत नाही. दख्खनवर तो इतका पसरला, त्याला माणसाची तळी कारण झाली, असे म्हणतो. चिमणीही शेतीच्या आधीची आहे. बंगालच्या दलदलीच्या तळ्यांमध्ये किंवा लोकटाकवर माझा युक्तिवाद लागू नाही, तिथे निसर्गानेच उथळ पाणी दिले आहे. हा युक्तिवाद पठारापुरता आहे, आणि पठारावर तळ्यावाचून या पक्ष्याने बारा महिने कुठे राहावे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्याने द्यावे. कोणी म्हणेल की पूर्वी नदीकाठी लहान डबकी असतील. असतील, पण मार्चमध्ये ती आटतात. लांब शेपटीचा कमळपक्षी कोरड्या महिन्यांत बारमाही पाण्यावर गोळा होतो, आणि या मुलखात बारमाही उथळ पाणी बांधाआडच मिळते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. तो असा : मग आज तर पाणी कितीतरी वाढले आहे. घटप्रभेवर हिडकल, मलप्रभेवर नविलुतीर्थ, भीमेवर उजनी. धुपदाळचा बंधारा तर ब्रिटिशांच्या काळातला; त्याच्या पाण्याभोवती १९७४ पासून घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे क्रौंच उतरतात. उजनी भरू लागल्यावर भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले, पुण्याहून माणसे ते पाहायला जातात. मग पक्ष्यांना लहान तळ्यांची गरज काय? इथे ‘पक्षी’ हा शब्दच फसवतो. रोहित पक्ष्याला उघडा चिखल आणि पातळ पाणी हवे. धरण उन्हाळ्यात उतरत जाते तेव्हा मैलोन्मैल चिखल उघडा पडतो, त्याची चैन होते. क्रौंचाला रात्री उभे राहायला मोकळे पाणी आणि दिवसा चरायला शेते हवीत. कमळपक्ष्याला नेमकी तीच पातळीची घसरण सोसत नाही. मोठ्या धरणाची पातळी वर्षात कित्येक मीटर खाली-वर होते. कमळाच्या देठाला एवढे वर-खाली होता येत नाही. काठावर एक वर्ष उगवलेले पुढच्या वर्षी उन्हात करपते किंवा खोल बुडते. म्हणून धरणाच्या भिंतीमागे अथांग पाणी असूनही पानांचा पट्टा तिथे क्वचित जमतो. धुपदाळ याला थोडा अपवाद आहे, कारण तो साठवणीचे धरण नसून पाणी अडवून कालव्यात वळवणारा, पातळी बऱ्यापैकी स्थिर ठेवणारा बंधारा आहे. हा अपवाद माझ्या बाजूनेच बोलतो.

जलपर्णीचा मुद्दाही लोक काढतात. शहराचे सांडपाणी तळ्यात गेले की जलपर्णी फोफावते, आणि तिच्यावर कमळपक्षी चालताना दिसतो. मग घाण त्याच्या पथ्यावर पडली म्हणायची का? काही काळ, हो. तो चालतो, खातो, कधी घरटेही करतो. पण जलपर्णी मुळे रोवत नाही. वारा आला की अख्खा गालिचा एका काठाहून दुसऱ्या काठाला जातो, दाटला की मधले मोकळे पाणी बंद होते आणि खालचा प्राणवायू संपतो. शिवाय एक दिवस यंत्र येते आणि सगळे उचलून नेते, बहुधा विणीच्या तोंडावरच, कारण पावसाआधी सफाई उरकायची असते. भाड्याचे घर आणि स्वतःचे घर यांत जो फरक, तोच जलपर्णी आणि कमळ यांत.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नव्हे. जुन्या तळ्यांचे हे गुणगान म्हणजे जुन्या गावगाड्याचे गुणगान नाही का? गाळ वेठीने काढला जायचा, पाणी मात्र जात पाहून मिळायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला तो याच व्यवस्थेविरुद्ध. त्याआधी एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरली होती. सीमाभागाला हा इतिहास परका नाही. म्हणून स्पष्ट सांगतो : तळे राखले जात होते ही गोष्ट आणि ते कोणाच्या जिवावर राखले जात होते ही गोष्ट, दोन्ही खऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या करता येतात. पक्ष्याला गाळ काढलेला हवा आहे. तो वेठीने काढावा की मजुरी देऊन, हे त्याने ठरवलेले नाही. मालगुजारी जाताना देखभालही गेली ती मालगुजारी जाण्यामुळे नव्हे, तिच्या जागी दुसरी पगारी, उत्तरदायी सोय न उभारल्यामुळे. जुलमाला जोडून आलेले प्रत्येक कौशल्य जुलमी ठरवले तर बैलगाडीही मोडीत काढावी लागेल.

वापर आणि पक्षी यांचे हे नाते आजही तपासून पाहता येते, आणि दोन ठिकाणी ते तपासले गेले आहे. काशाच्या पंखांच्या कमळपक्ष्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास १९९० च्या दशकात स्टुअर्ट बुचार्ट आणि सहकाऱ्यांनी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या वेंबनूरला केला. एका मादीच्या हद्दीत चारपर्यंत नर असतात आणि ते ओरडून तिला आपल्याकडे बोलावतात, हे त्यातून कळले. वेंबनूर हे काही अस्पर्श अरण्य नव्हे. तो माणसाने बांधलेला तलाव आहे, आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. म्हणजे या जातीच्या संसाराबद्दल जगाला जे सर्वांत पक्के ठाऊक आहे, ते बांध घातलेल्या पाण्यावरच शिकले गेले. दुसरे ठिकाण तैवान. तिथे लांब शेपटीचा कमळपक्षी शिंगाड्याच्या शेतात राहतो आणि लोक त्याला शिंगाड्याचा पक्षी म्हणूनच ओळखतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणथळी बुजवल्या गेल्या, फवारण्या वाढल्या आणि या पक्ष्यांची संख्या पन्नासच्या आसपास घसरली. त्यातच वेगवान रेल्वेचा मार्ग ताइनानजवळ ग्वानटियनच्या उरल्यासुरल्या अधिवासातून आखला गेला. मग तिथे २००० मध्ये राखीव जागा केली गेली. पण खरी मदत झाली ती शेतकऱ्यांची. ज्याच्या शिंगाड्याच्या खाचरात घरटे असेल त्याला मोबदला द्यायचा, म्हणजे पिल्ले निघेपर्यंत तो तिथे विष फवारणार नाही. आता तिथले पक्षी हजाराच्या पुढे गेले आहेत. कुंपण घालून माणसाला बाहेर काढले असते तर शिंगाडा कोणी लावला असता?

बेळगावात नळ आल्यावर तळ्यांचे काय झाले, याची संगती आता लागते. १९६० च्या दशकात राकसकोपचे पाणी शहराला मिळाले, पुढे हिडकलचे. विहिरी आणि तळी यांच्यावरचा भार उतरला, आणि भार उतरला की नजरही उतरते. कोटेकेरेच्या काठी आता एकशे दहा मीटर उंचीचा राष्ट्रध्वजस्तंभ आहे, फिरायला जागा आहे. संध्याकाळी खडेबाजारातली खरेदी आटोपून माणसे मुलांना घेऊन तिथे येतात. शहराला अशी जागा हवीच. पण सुशोभीकरणाचा कारागीर पहिल्यांदा काठ सरळ करतो आणि त्याला दगड लावतो, म्हणजे इंचाइंचाने उथळ होत जाणारा पट्टा कापून टाकतो. तळे एकदम खोल सुरू होते. पाणी दिसायला भरपूर, पानाला मुळे रोवायला जागा नाही. निपाणीच्या जवाहर तलावाची गोष्ट निराळी. त्याचे पाणी गाव पिते, म्हणून पावसाळ्यात तो सांडव्यावरून वाहू लागला की ती वर्तमानपत्रात बातमी होते, आणि उन्हाळ्यात तळ दिसू लागला की गाळाची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत काठाच्या उताराचा विषय निघाला, आणि गाळ काढताना ओढ्याकडच्या अंगाचा एक पट्टा उथळ ठेवायचे ठरले, तर त्याला खर्च काही नाही. यंत्र चालवणाऱ्याने हात थोडा आखडता घ्यायचा, एवढेच.